संशोधकाच्या पेपरांची यादी आणि सायटेशनचे आकडे वाचायचे कसे?

१९५१ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा एक पेपर छापून आला. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची पद्धत त्यात दिली होती. तांब्याचा क्षार घालायचा, मग फोलिनचं अभिकर्मक घालायचं, की द्रावण निळं होतं. प्रथिन जास्त असेल तर निळा रंग गडद, कमी असेल तर फिका. हा पेपर आजवर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे. दोन वर्षांनी, एप्रिल १९५३ मध्ये, ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा जेमतेम पानभराचा पेपर आला, डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राला त्याने वळण दिलं. २०१४ मध्ये ‘नेचर’ने आजवर सर्वाधिक उद्धृत झालेल्या १०० पेपरांची यादी तयार केली, तेव्हा लॉरींचा पेपर पहिल्या क्रमांकावर होता. दुहेरी सर्पिलाचा पेपर त्या शंभरात नव्हता.

लॉरींना स्वतःलाही आपला पेपर थोर वाटत नव्हता आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं होतं. मग आकडे असे का आले? याचं उत्तर नीट लक्षात आलं, की मॉलिक्युलर बायोलॉजीतल्या कुठल्याही संशोधकाच्या प्रोफाइलवरचे आकडे वाचता येतात.

संशोधक पेपर लिहितो तेव्हा शेवटी संदर्भांची यादी देतो. त्या यादीत ज्या पेपरचं नाव येतं त्याला एक सायटेशन मिळतं. सगळ्या पेपरांच्या अशा याद्या एकत्र केल्या, तर कोणाचं काम कोणी वापरलं याचा माग काढता येईल, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली. १९६४ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. आजच्या ‘वेब ऑफ सायन्स’ या सायटेशनच्या डेटाबेसचं मूळ तेच. गारफील्ड यांच्या डोक्यात तेव्हा होतं ते शोधाचं साधन. एखाद्या जुन्या पेपरवर नंतर कोणी आक्षेप घेतला, कोणी चूक दाखवली, हे वाचकाला कळावं आणि सदोष माहिती डोळे झाकून पुढे जाऊ नये. माणसांना गुण देण्याची पट्टी म्हणून ही यादी जन्माला आली नव्हती. नेमणूक, बढती आणि अनुदान ठरवताना हे आकडे नंतर समोर येऊ लागले, आणि आता ते टाळता येत नाहीत.

सायटेशन मोजतं ते वापर. प्रथिन मोजणं ही जीवरसायनाच्या जवळपास प्रत्येक प्रयोगाची पहिली पायरी आहे. यकृत असो, यीस्ट असो वा जिवाणू, पेशी फोडल्या की आधी विचारावं लागतं, यात प्रथिन किती? म्हणून पद्धतीच्या मजकुरात एक वाक्य यायचं, ‘प्रथिनाचं प्रमाण लॉरी पद्धतीने मोजलं’, आणि त्यापुढे संदर्भाचा क्रमांक. २०१४ च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता उलरिख लेमली यांचा १९७० चा ‘नेचर’मधला पेपर. त्याचं शीर्षक टी४ या जिवाणूभक्षक विषाणूचं डोकं कसं जुळतं याबद्दल आहे. पण लोक तो उद्धृत करतात त्यातल्या जेलसाठी. प्रथिनांना एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळायचं, जेलच्या खाचांमध्ये भरायचं, विजेचा प्रवाह सोडायचा, की छोटी प्रथिनं पुढे पळतात आणि मोठी मागे राहतात. तिसऱ्या क्रमांकावर मॅरियन ब्रॅडफोर्ड यांचा १९७६ चा पेपर, तोही प्रथिन मोजण्याचाच. हे काम कमी मोलाचं आहे असं मुळीच नाही. चांगली पद्धत हजारो प्रयोगशाळांचं आयुष्य सोपं करते आणि तिच्या जनकाला श्रेय मिळायलाच हवं. मात्र एखाद्याच्या नावापुढे प्रचंड मोठा आकडा दिसला, तर त्यामागे नवी पद्धत आहे का, हे आधी बघावं.

दुहेरी सर्पिलाचं नेमकं उलट झालं. ते ज्ञान इतकं सर्वांचं झालं, की कोणाला त्याचा संदर्भ द्यावासाच वाटत नाही. पाठ्यपुस्तकात गेलेली गोष्ट संदर्भयादीतून गळते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानातली ही रीत ओळखून तिची नोंद केली होती. पीसीआरचंही तेच झालं आहे. डीएनएचा हवा तो तुकडा लाखोपट वाढवण्याची ही पद्धत आज जगभर रोज वापरली जाते, पण बहुतेक पेपरांत ‘पीसीआर केलं’ एवढंच लिहिलेलं असतं. १९८० च्या दशकातले मूळ पेपर क्वचितच कोणी संदर्भात घेतं.

आता एक प्रोफाइल जवळून पाहू. समजा, एक संशोधक आहे. पीएचडी होऊन नऊ वर्षं झाली, दोन वर्षांपूर्वी स्वतःची लॅब सुरू केली. तिचे आठ पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी: ३१०, ८४, ४१, २२, ९, ७, ३, ०. एकूण ४७६. एच-इंडेक्स ६.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. पेपर उतरत्या क्रमाने लावायचे आणि खाली मोजत जायचं. सहाव्या पेपरला ७ सायटेशन आहेत, म्हणजे सहा पेपर असे सापडले ज्यांना प्रत्येकी निदान ६ सायटेशन आहेत. सातव्याला ३ च आहेत, म्हणून आपण सहावर थांबलो. एका गाजलेल्या पेपरच्या जोरावर किंवा नुसत्या पेपरांच्या ढिगावर हा आकडा फुगत नाही, हा त्याचा गुण. पण पहिल्या पेपरची सायटेशन ३१० ची ३,१०० झाली तरी एच-इंडेक्स ६ च राहतो. शिवाय तो कधी खाली येत नाही. संशोधकाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांवर तो वाढू शकतो. म्हणून तिशीतल्या आणि साठीतल्या माणसाचे एच-इंडेक्स शेजारी ठेवले, तर आपण बऱ्याच अंशी वयच मोजत असतो.

आता एकेक ओळ उघडू. ३१० सायटेशनचा पेपर रिव्ह्यू आहे, पीएचडीच्या मार्गदर्शकांबरोबर लिहिलेला. रिव्ह्यूत नवा प्रयोग नसतो, एका विषयावर इतरांनी केलेल्या कामाचा आढावा असतो. प्रस्तावनेत दहा मूळ पेपर सांगण्यापेक्षा एक रिव्ह्यू सांगणं सोपं जातं, म्हणून रिव्ह्यूला भरपूर सायटेशन मिळतात. ८४ चा पेपर एका मोठ्या गटाचा आहे, साठ लेखक, त्यात हिचं नाव मध्ये कुठेतरी. ४१ चा पेपर पीएचडीचा, पहिलं नाव हिचं. २२ चा पेपर पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन करण्याच्या, काळातला, पहिलं नाव हिचंच. ९ चा पेपर मागच्या वर्षी स्वतःच्या लॅबमधून आला, हिचं नाव शेवटी. ७ आणि ३ चे पेपर दुसऱ्या गटांना केलेली मदत. शून्यवाला या वर्षीचा, अजून कोणाच्या हातातही नीट पडलेला नाही. एकूण सायटेशनचा चारपंचमांशाहून मोठा हिस्सा अशा दोन पेपरांतून आला आहे, ज्यांवरून तिच्या स्वतःच्या प्रयोगांबद्दल फार थोडं कळतं.

नावांचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. गणितात बहुधा लेखकांची नावं आद्याक्षरांनुसार लावतात. मॉलिक्युलर बायोलॉजीत तसं नाही. पहिलं नाव सहसा त्या व्यक्तीचं, जिने प्रयोगशाळेत उभं राहून बहुतेक प्रयोग केले. शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं, ज्याने प्रश्न आखला, पैसा आणला, जबाबदारी घेतली. करस्पाँडिंग लेखक, म्हणजे पेपरबद्दल ज्याच्याशी पत्रव्यवहार करायचा तो, बहुधा तोच. मधल्या नावांत कोणी एक उंदराचा वाण दिलेला असतो, कोणी मायक्रोस्कोपखालचे फोटो काढलेले असतात, कोणी आकडेमोड सांभाळलेली असते. दोघांनी सारखंच काम केलं असेल तर दोघांच्या नावांवर खूण आणि खाली तळटीप येते, ‘समान योगदान’. ही तळटीप वाचायची राहून जाते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसावर अन्याय होतो. आता बऱ्याच जर्नलांमध्ये पेपरच्या शेवटी कोणी काय केलं याचं निवेदन असतं. प्रोफाइलवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्या दोन ओळी मला जास्त बोलक्या वाटतात.

एक साधी तपासणी मात्र सगळ्यांच्या आधी करावी: ही यादी खरंच त्याच माणसाची आहे ना? आडनाव आणि आद्याक्षर सारखं असलेले दोन संशोधक डेटाबेसमध्ये सर्रास एकमेकांत मिसळतात. म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक आला. आकडे कुठून घेतले यानेही फरक पडतो. ‘वेब ऑफ सायन्स’ आणि ‘स्कोपस’ निवडक जर्नलं धरतात, तर ‘गूगल स्कॉलर’ प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर), पुस्तकं असं बरंच काही मोजतो. त्यामुळे एकाच माणसाचा आकडा तिथे सहसा मोठा दिसतो. दोन व्यक्तींची तुलना करताना एकीचा आकडा इथून आणि दुसरीचा तिथून घेतला, तर ती तुलनाच राहत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा प्रकार वेगळा आहे. तो माणसाचा नाही आणि पेपरचाही नाही, तो जर्नलचा आकडा आहे. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला या वर्षी मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. म्हणजे सरासरी. आणि सायटेशनच्या बाबतीत सरासरी फार फसवते, कारण मूठभर पेपर खूप उद्धृत होतात आणि बाकीचे थोडे. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. प्रथिनांची त्रिमितीय रचना आपल्याला मोठ्या प्रमाणात याच शास्त्रामुळे कळली. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’मध्ये आपल्या ‘शेलएक्स’ या संगणक प्रणालींचा इतिहास लिहिला आणि प्रणाली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा लेख द्यावा असं त्यातच सुचवलं. लोकांनी दिला. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता, तो २००९ मध्ये जवळजवळ ५० वर गेला. दोन वर्षांची खिडकी सरकली तसा तो पुन्हा २ च्या आसपास आला. त्या काळात तिथे छापून आलेल्या इतर कुठल्याही पेपरमध्ये कणभरही बदल झाला नव्हता. तरीही ‘पेपर अमुक इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आला’ हे वाक्य निवड समित्यांसमोर पात्रता म्हणून मांडलं जातं, आणि मला हे मनापासून खटकतं. शेजाऱ्याची सायटेशन आपल्या नावावर लावण्यासारखं आहे ते.

सायटेशन म्हणजे कौतुक, ही समजूतही सोडून द्यावी लागते. डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ने एक पेपर ऑनलाइन प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरू शकतो, असा त्यातला दावा होता. दावा खरा असता तर जीवसृष्टीच्या रसायनाबद्दलची आपली समजच बदलली असती. २०१२ मध्ये त्याच जर्नलमध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की हा जिवाणू आर्सेनिक सहन करतो, पण जगायला त्याला फॉस्फरसच लागतो. मूळ पेपर ‘सायन्स’ने जुलै २०२५ मध्ये मागे घेतला. लबाडीचा ठपका नव्हता, प्रयोगांतून तो निष्कर्ष निघत नाही असं कारण दिलं, आणि लेखकांना ते मान्य नव्हतं. मधल्या चौदा वर्षांत या पेपरला सायटेशन मिळत राहिली आणि खंडन करणाऱ्यांची सायटेशनही त्याच बेरजेत गेली. बेरजेला ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठी उद्धृत करणाऱ्या पेपरातलं ते वाक्य वाचावं लागतं.

काळाचाही प्रश्न आहेच. १९८७ मध्ये ओसाका विद्यापीठातले योशिझुमी इशिनो आणि सहकारी ई. कोलाय जिवाणूतल्या एका जनुकाचा क्रम वाचत होते. त्या जनुकाच्या शेजारी त्यांना डीएनएचा एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आलेला दिसला. त्याचं जैविक महत्त्व माहीत नाही, अशी नोंद करून त्यांनी पेपर संपवला. पुढे स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका वर्षानुवर्षं अशाच पुनरावृत्तींच्या मागे लागले. मधल्या जागांमध्ये विषाणूंच्या डीएनएचे तुकडे साठवलेले आहेत, म्हणजे ही जिवाणूंची रोगप्रतिकाराची यंत्रणा असावी, हे त्यांच्या ध्यानात आलं. नावाजलेल्या जर्नलांनी तो पेपर नाकारला. शेवटी तो २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर इव्होल्यूशन’मध्ये आला. हेच क्रिस्पर. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शारपॉन्टिए यांच्या गटांनी त्यातल्या कॅस९ प्रथिनाला हव्या त्या जागी डीएनए कापायला लावलं, आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघींना मिळालं. समजा, २००६ मध्ये एखाद्या समितीने मोहिका यांचं मोल दोन वर्षांच्या सायटेशनवर ठरवलं असतं, तर तिच्या हाती काय लागलं असतं? मूलभूत कामाला पिकायला किती वर्षं लागतील हे कुठल्याच सूत्रात घालता येत नाही.

विषयाविषयातला फरक काढून टाकण्याचे प्रयत्न झाले आहेत. कर्करोगाच्या संशोधनात हजारो लोक आहेत आणि त्यांच्या संदर्भयाद्या लांबलचक असतात. एखाद्या दुर्लक्षित शेवाळाच्या जनुकांवर काम करणारे मोजकेच. दोघांची सायटेशन सरळ ताडून पाहणं अन्यायाचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एनआयएचमधल्या, संशोधकांनी २०१६ मध्ये एक सापेक्ष गुणोत्तर मांडलं. पेपर ज्यांच्या सोबतीने उद्धृत होतो त्यावरून त्याचं क्षेत्र ठरवायचं आणि त्या क्षेत्रातल्या अपेक्षेशी तुलना करायची. १ म्हणजे एनआयएचच्या अनुदानातून आलेल्या पेपरांच्या मध्यावर, २ म्हणजे त्याच्या दुप्पट. कच्च्या आकड्यापेक्षा हे नक्कीच बरं आहे, तरी पेपरात काय आहे हे त्यातूनही कळत नाही.

स्वतःचेच जुने पेपर उद्धृत करण्याबद्दल उगाच कुजबुज होते. एकाच प्रथिनावर पंधरा वर्षं काम करणारा माणूस आपले आधीचे प्रयोग सांगणारच. शंका घ्यावी ती तेव्हा, जेव्हा सायटेशनचा मोठा भाग स्वतःकडून आणि त्याच त्या चार-पाच नावांकडून येतो आणि त्या वर्तुळाबाहेर कोणी त्या कामाला हात लावलेला नसतो.

याहून गंभीर गोष्ट आकड्यांत दिसतच नाही. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते २०१४ या काळातल्या २०,६२१ जैववैद्यकीय पेपरांतली चित्रं डोळ्यांनी तपासली. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, ३.८ टक्के पेपरांत एकच चित्र पुन्हा वापरल्याचे संशयास्पद नमुने आहेत. कुठे प्रथिनाची तीच पट्टी फिरवून दुसऱ्या प्रयोगाची म्हणून लावलेली, कुठे पेशींचा तोच फोटो दोन नावांनी. सगळीच लबाडी नसते, फाइलींची गल्लतही होते. पण अशा पेपरलाही सायटेशन मिळतात आणि मागे घेतल्यावरही मिळत राहतात. म्हणून यादीतल्या मोठ्या पेपरांवर दुरुस्ती किंवा माघारीची नोंद आहे का, हे जर्नलच्या संकेतस्थळावर जाऊन पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि जे सायटेशनमध्ये कमीच उतरतं, तेही पाहावं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत कोणी रचना जमा केल्या, जेनबँकेत कोणी डीएनएचे क्रम दिले, आपले प्लास्मिड (जनुकं पेशीत नेण्यासाठी वापरायची डीएनएची छोटी वर्तुळं) ‘अ‍ॅडजीन’सारख्या संस्थेकडे ठेवून कोणी जगाला खुले केले. ज्या लॅबचे प्लास्मिड दहा ठिकाणी मागवले जातात आणि मागवल्यावर चालतात, त्या लॅबचं काम दुसऱ्यांच्या हातात टिकलेलं असतं. माझ्या मते याहून मोठा दाखला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या वार्षिक बैठकीच्या वेळी, काही संपादक आणि संशोधक एकत्र आले. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचं काम जोखायला वापरू नये, अशी मागणी त्यांनी मांडली. तिला ‘डोरा’ म्हणतात आणि त्यावर जगभरच्या हजारो संस्थांच्या आणि व्यक्तींच्या सह्या आहेत. २०१५ मध्ये एनआयएचने अर्जदारांच्या परिचयपत्रात बदल केला. विज्ञानातली आपली जास्तीत जास्त पाच योगदानं स्वतःच्या शब्दांत सांगा आणि प्रत्येकाखाली जास्तीत जास्त चार पेपर किंवा इतर फलितं द्या. प्रश्न काय होता, काय सापडलं, त्यात तुमचा वाटा कोणता, हे लिहावं लागू लागलं.

मघाच्या संशोधकेने असं पत्र लिहायला घेतलं, तर ३१० सायटेशनचा रिव्ह्यू त्यात बहुधा येणारच नाही, साठ लेखकांचा पेपरही नाही. पहिला परिच्छेद २२ सायटेशनच्या पेपरवर असेल. तो वाचणाऱ्याने या पेपरला उद्धृत करणारे ते २२ पेपर उघडून पाहावेत. त्यांतल्या तीन लॅबनी तिचा प्रयोग स्वतः करून पाहिला असेल आणि निकाल जुळला असेल, तर पुढचे प्रश्न त्या प्रयोगाबद्दलच विचारावेत.